रिंग जिथे अडते

प्रवासाच्या काही दिवस आधी एका रात्री मी पलंगावर कॅमेऱ्याच्या चार लेन्स मांडून बसले होते. एका बाजूला कपड्यांच्या घड्या, दुसऱ्या बाजूला लेन्स आणि मधोमध स्वयंपाकघरातून आणलेला वजनकाटा. ताई दारात येऊन उभी राहिली.

“पीठ मोजतेयस का?”

“नाही गं. ही दीड किलो भरते.”

“ती येणारे का आपल्याबरोबर?”

मी गप्प बसले. मागच्या प्रवासात एका लांबलचक चढावर माझी पिशवी अर्धा तास तिच्या खांद्यावर होती. त्यामुळे या विषयावर बोलायचा तिला पूर्ण हक्क होता, आणि तो ती सोडणाऱ्यांतली नाही. “गेल्या वेळी फिरली ती तुझी पिशवी,” ती म्हणाली. “आपण दोघी तिच्या मागून चालत होतो.”

त्या पिशवीत तेव्हा तीन झूम लेन्स होत्या, म्हणजे रिंग फिरवून दृश्य जवळ-लांब करणाऱ्या. फोटोग्राफीवाल्यांच्या बोलीत या तिघींना ‘ट्रिनिटी’ म्हणतात: १६-३५, २४-७० आणि ७०-२००, तिन्ही एफ/२.८. हे आकडे फोकल लेंथचे, मिलिमीटरमधले: लहान आकड्याला दृश्य रुंद दिसतं, मोठ्याला लांबचं जवळ येतं. आणि एफ-आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. कागदावर हा संच बिनतोड आहे. सोळापासून दोनशे मिलिमीटरपर्यंत कुठेही फट नाही, उजेड कमी असला तरी चिंता नाही. मी काही बचत मोडून, काही उसनवारी करून तो जमवला होता. तो खांद्यावर घेऊन दिवसभर चालल्यावर काय होतं, हे कागदावर लिहिलेलं नसतं.

हे वजन येतं कुठून, ते एकदा समजून घेतलं की निर्मात्यांवरचा राग जातो. एफ-आकडा म्हणजे फोकल लेंथ भागिले उजेड आत येण्याच्या वाटेचा व्यास. २०० मिमीला एफ/२.८ हवं असेल तर ती वाट सुमारे ७१ मिमी रुंद लागते, म्हणजे पुढची काच त्याहून लहान असूच शकत नाही. तेच २०० मिमी एफ/५.६ वर चालवून घेतलं तर ३६ मिमीत भागतं. १०५ मिमी आणि एफ/४ ला तर २६ मिमीच पुरतात. व्यास दुप्पट झाला की काचेचं क्षेत्रफळ चौपट होतं, काच जाडही होते, आणि तिला धरून ठेवणारी नळी, रिंगा, मोटर सगळंच मागोमाग वाढतं. लांब पल्ला, भरपूर उजेड आणि हलकं वजन ही तिन्ही सुखं एका लेन्सच्या नशिबात नाहीत. त्यातली कुठली दोन घ्यायची, एवढंच आपल्या हातात असतं.

वजनाचं एक वेळ सहन केलं असतं. माझी खरी जिरली ती लेन्स बदलताना. तळ्याकाठी जोराचा वारा होता. पाण्यावरून एक होडी येत होती आणि मला अचानक २४-७० नको, ७०-२०० हवी असं वाटलं. पिशवी उघडली, झाकणं काढली, एक लेन्स काखेत धरली, दुसरी बसवली. मान वर करेपर्यंत होडी लव्हाळ्यांआड गेली होती. शिवाय त्या वाऱ्याने सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर, धूळ बसली. ती लगेच कळत नाही. एफ/२.८ वर धुळीचे कण विरघळून जातात, कारण उजेड सगळ्या बाजूंनी येतो. मात्र एफ/११ वर निसर्गदृश्य काढायला गेलं की त्याच कणांची सावली आकाशात करडे ठिपके होऊन उतरते. पुढच्या चार दिवसांतल्या प्रत्येक आभाळात तोच ठिपका, त्याच कोपऱ्यात. घरी येऊन पुसत बसले. एका ठिपक्याला तर मी पक्षी समजून ठेवूनच घेतलं होतं.

माणूस एका टोकाला भाजला की थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. मी जुनी, लहान सेन्सरची बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) बाहेर काढली आणि तिच्यासाठी १८-२०० ची एकच झूम घेतली. बदलायचं नाव नाही, धुळीची भीती नाही.

अशा ‘सगळं एकात’ लेन्सचा इतिहास मला आवडतो, कारण तो आपल्या हावेचाच इतिहास आहे. ३५ मिमी फिल्मवर स्थिरचित्रं काढणाऱ्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम १९५९ मध्ये आली, फोक्टलेंडरची झूमार. पल्ला ३६ ते ८२ मिमी, एफ/२.८. आज कॅमेऱ्याबरोबर मिळणारी किट लेन्ससुद्धा याहून जास्त पल्ला देते. १९६३ मध्ये निकॉनने ४३-८६ आणली. ती खूप खपली, आणि तिची पहिली आवृत्ती कडेच्या रेषा वाकवण्यासाठी आजही ओळखली जाते. दोन्हींचा पल्ला दुपटीच्या आसपास. मग १९९२ मध्ये टॅमरॉनची २८-२०० आली आणि सातपट पल्ला सामान्य माणसाच्या गळ्यात लटकायला लागला. २०१७ मध्ये त्याच कंपनीने १८-४०० काढली, बावीसपट. दरवेळी वाटतं की आता पुरे. पुरे कधीच होत नाही.

माझ्या त्या लेन्सने मला दिवसा फार सुख दिलं. संध्याकाळ झाली की ती रुसायची. लांबच्या टोकाला एफ/६.३, म्हणजे एफ/२.८ च्या मानाने उजेड पाचपटीने कमी. मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, चढवायचा आणि फोटोत रवाळपणा येऊ द्यायचा, नाहीतर शटर मंदावायचं आणि माणसं पुसट होऊ द्यायची. आणखी एक गंमत म्हणजे गळ्यात कॅमेरा अडकवून उतरणीला लागलं की ती नळी आपोआप खाली सरकत बाहेर यायची. दहा पावलांनी खाली बघितलं की लेन्स गुडघ्याकडे निघालेली. याला झूम क्रीप म्हणतात. त्यासाठी बाजूला कुलपाचं बटण असतं आणि ते लावायला आपण नेमके विसरतो.

स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर झेलणारी सोय, आहे ना, असं दुकानात सगळेच सांगतात. आहे, आणि ते खरोखर उपयोगी आहे. १९९५ मध्ये कॅननने ७५-३०० मध्ये ते पहिल्यांदा एसएलआरच्या (आरशाच्या कॅमेऱ्याच्या) लेन्सला दिलं, तेव्हापासून हातात धरून काढलेल्या फोटोंचं नशीब पालटलं. जुना ठोकताळा असा, की २०० मिमीला शटर किमान १/२०० सेकंद ठेवावा. तीन स्टॉपांचं स्टॅबिलायझेशन असेल (एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ) तर तोच फोटो १/२५ वरही स्थिर येतो. फक्त हा स्थिरपणा आपल्या हाताचा आहे. समोरून चालत येणाऱ्या म्हाताऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, तो १/२५ वर पुसटच येणार. देवळाचा खांब, डोंगर, रिकामा फलाट यांना स्टॅबिलायझेशन पुरतं. माणसांना उजेडच लागतो.

तर त्या रात्री, वजनकाट्यासमोर, माझ्याकडे दोन्ही टोकांचा अनुभव होता आणि निर्णय मात्र शून्य. ताई म्हणाली, “तुझे जुने फोटो आहेत ना? कुठली लेन्स किती वापरलीस ते त्यांनाच विचार की.”

तिला एक्झिफ हा शब्द माहीत नाही. मला माहीत होता आणि सुचलं नव्हतं.

कॅमेऱ्यातून आलेल्या डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये सहसा तो किती फोकल लेंथवर काढला, कुठल्या अ‍ॅपर्चरला (म्हणजे एफ-आकड्याला), किती शटरला, हे सगळं नोंदलेलं असतं. हाच एक्झिफ. फोटो लावून ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये फोकल लेंथवार गाळणी लावता येते. मी आधी १८-५५ च्या किट लेन्सवर काढलेले जुन्या सहलींचे फोटो गाळले. कुठल्या फोकल लेंथवर किती फोटो, याचं चित्र स्पष्ट होतं. १८ वर एक मनोरा, ५५ वर दुसरा मनोरा आणि मधे बुटकी टेकाडं.

पहिला अर्थ मी तोच काढला जो कोणीही काढेल: मला रुंदही हवं आहे आणि लांबही हवं आहे, मधलं नको. म्हणजे आणखी दोन लेन्स घ्या. जवळजवळ ठरलंच होतं. मग १८-२०० वरचे फोटो त्याच गाळणीतून घातले आणि गाडी रुळावरून घसरली. ५५ चा मनोरा गायब! तिथे आता साधी सपाट जमीन होती, आणि नवा मनोरा २०० वर उभा राहिला होता.

थोडा वेळ लागला, पण उलगडलं. ५५ माझी आवड नव्हतीच. रिंग तिथे अडत होती. हात फिरवत गेला, रिंग थांबली, बोटाने बटण दाबलं. आणखी जागा मिळाली तेव्हा हात आणखी फिरला आणि पुन्हा भिंतीला जाऊन टेकला. कडेचे मनोरे आपल्या नजरेबद्दल फार कमी सांगतात, ते लेन्सच्या कुंपणाबद्दल सांगतात. ४०० मिमीची लेन्स दिली असती तर मनोरा ४०० वर गेला असता, हे मी पैजेवर सांगते.

मग मी २०० च्या मनोऱ्यात शिरून एकेक फोटो बघितला. चंद्र, आठ-दहा वेळा. तारेवर बसलेला पक्षी, तांदळाएवढा. दरीपलीकडचा डोंगर, मधल्या धुक्याने आणि तापलेल्या हवेच्या थरथरीने मऊ झालेला. ही थरथर कितीही महाग काच घेतली तरी जात नाही, कारण दोष मधल्या चार किलोमीटर हवेचा असतो. आणि माणसं. लांबून, त्यांच्या नकळत काढलेली. त्या फोटोंत माणसं होती पण ती कोणाकडे बघतच नव्हती. ते बघताना मला थोडं चोरून ऐकल्यासारखं वाटलं. तिथे मी लांब राहिले ते लेन्समुळे की भिडेमुळे, हे मला आजही नीट ठरवता येत नाही.

डावीकडचा, १८ चा मनोरा मात्र दोन्ही लेन्समध्ये जागचा हलला नव्हता. तो खोटा म्हणायला मला जागा मिळेना. दोन्ही लेन्स तिथूनच सुरू होत होत्या, म्हणजे कुंपण तेच होतं, हे खरं. म्हणून त्यातले फोटोही उघडले. अरुंद बोळ. रेल्वेच्या डब्यात समोरासमोर बसलेली माणसं. जुन्या वाड्याचं छत. जिन्यातून वर बघताना दिसणारा आभाळाचा चौकोन. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी माझी पाठ भिंतीला टेकलेली होती, मला आठवतंय. मागे सरकायला जागाच नव्हती. आणि तरी बऱ्याच फोटोंत कोणाचा तरी खांदा कापला गेला होता, छताचा कोपरा बाहेर राहिला होता.

इथे मला वाटेतला खरा खाचखळगा दिसला. झूमची दोन टोकं सारख्या किमतीची नसतात.

लांबचं टोक कमी पडलं तर फोटो कापता येतो. २४ मेगापिक्सेलचा फोटो १०५ मिमीवर काढून तो २०० मिमीइतका कापला, तर साधारण साडेसहा मेगापिक्सेल उरतात. ए-४ कागदावर नीट छापायला तेवढे पुरतात. रुंद टोक कमी पडलं तर जे चौकटीत आलंच नाही ते कुठून कापणार? शेजारी-शेजारी दोन-तीन फोटो काढून जोडता येतात, पण डब्यातली माणसं तोवर हलतात. आणि आकडे बघा. माझ्या जुन्या बॉडीवरचे १८ म्हणजे फुलफ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने २७ मिमी, कारण तिथे दीडने गुणायचं असतं. २४ आणि २८ यांत फरक चारच मिलिमीटरचा, पण दहा मीटर लांबच्या भिंतीची २४ मिमीमध्ये १५ मीटर रुंदी मावते आणि २८ मध्ये १३ मीटरसुद्धा नाही. कोनात सांगायचं तर कर्णावर ८४ अंश आणि ७५ अंश. उलट १९६ आणि २०० मिमीमधला चार मिलिमीटरचा फरक डोळ्याला कळणारही नाही. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरात छापतात तो शेवटचा आकडा. पहिला आकडा वाचायची सवय मला फार उशिरा लागली.

हे सगळ्यांना लागू आहे असं मी म्हणणार नाही. पक्षी बघायला जाणाऱ्याने हा परिच्छेद सरळ ओलांडावा. त्याला पहिल्या आकड्याशी काही देणंघेणं नसतं आणि माझं कापाकापीचं गणित त्याच्या पक्ष्याला पुरणारही नाही.

आणखी एक मोजणी केली, ती सगळ्यात उपयोगी पडली. भिंतीवर लावलेले, कोणाला छापून दिलेले, जपून ठेवलेले फोटो तेवढे बाजूला काढले. दोनेक हजारांतून चाळीसच निघाले. त्यांत चंद्र एकही नव्हता. पाच-सहा सगळ्यात रुंद टोकावरचे, आणि उरलेले बहुतेक त्या मधल्या बुटक्या टेकाडांतले, फुलफ्रेमच्या हिशेबाने ३५ ते ८५ च्या दरम्यानचे. रिंग कुठेही अडलेली नसताना मी आपणहून थांबले होते, असे आकडे: ३८, ५२, ६६. असले आकडे लेन्सवर सहसा छापलेले नसतात.

या मधल्या आकड्यांवरून मला ती जुनी शिकवण आठवली, ‘पायांनी झूम करा’. प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सवाल्यांची ही आवडती ओळ. मी बरीच वर्षं ती मान्य करत आले. ती अर्धीच खरी आहे. आपण जागा बदलली की फोटोतली मांडणी बदलते: जवळ गेलं की पुढची वस्तू मोठी होते आणि मागचा डोंगर तेवढाच राहतो, लांब गेलं की डोंगर पुढच्या झाडाच्या खांद्यावर येऊन बसतो. हे पायांचं काम. झूम फिरवल्याने मांडणी बदलत नाही, फक्त चौकट आकसते किंवा पसरते. एकाच जागेवरून २४ वर काढलेल्या फोटोचा मधला तुकडा कापला तर १०५ वरच्या फोटोत ज्या वस्तू जिथे आहेत तिथेच सापडतात. म्हणजे पाय आणि रिंग एकमेकांची कामं करूच शकत नाहीत. आधी डोंगर झाडामागे हवा की झाडाशेजारी ते ठरवून उभं राहायचं आणि मग काय आत ठेवायचं ते रिंगेने ठरवायचं. माझ्या चाळीस फोटोंत बहुधा हेच झालं होतं. २०० च्या मनोऱ्यात ते झालं नव्हतं, तिथे मी असेन तिथूनच रिंग पिळत होते.

निवडीला मग फार वेळ लागला नाही. २४ पासून सुरू होणारी, एफ/४ ची, १०५ ला संपणारी झूम. या वर्गातल्या बऱ्याच लेन्स साडेसहाशे-सातशे ग्रॅमच्या असतात. २४-१२० मिळाली तरी वजन वाढत नाही, निकॉनची तशी लेन्स ६३० ग्रॅमची आहे. लहान सेन्सरवाल्यांनी १६ पासून सुरू होणारी बघावी, मायक्रो फोर थर्ड्सवाल्यांनी (त्यांचा सेन्सर आणखी लहान) १२ पासूनची. त्यांच्याकडे तर ऑलिंपसची १२-१०० एफ/४ आहे, फुलफ्रेमच्या हिशेबाने २४-२००, आणि वजन ५६१ ग्रॅम. तिच्याकडे बघून मला अधूनमधून बॉडी बदलायची इच्छा होते, ती मी दाबून टाकते.

२८-२०० मोहात पाडत होती, खोटं कशाला बोलू. टॅमरॉनची २०२० ची २८-२०० अवघी ५७५ ग्रॅमची आहे आणि रुंद टोकाला एफ/२.८ देते. १९९२ च्या तिच्या पणजीला हे स्वप्नातही सुचलं नसतं. तो २८ चा आकडा नसता तर मी ती घेतली असती. डब्यातला तो कापलेला खांदा आडवा आला.

रात्रीसाठी सोबत एक छोटी ३५ मिमी एफ/१.८ घेतली. एफ/४ च्या मानाने जवळजवळ पाचपट उजेड, आणि वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. ती कोटाच्या खिशात मावते. लेन्स दिवसातून एकदाच बदलायची, संध्याकाळी, खोलीत, वारा नसताना.

काट्यावर दोन्ही मिळून एक किलोच्या आत भरल्या. ताईने आकडा स्वतः वाकून वाचला.

प्रवास झाला. एका खडकावर पाणकावळा पंख वाळवत बसला होता, तो १०५ वर मला टीचभर मिळाला. कापून बघितला, बरा आहे, ग्रेट नाही. ७०-२०० असती तर, हा विचार आला आणि चढ लागल्यावर गेला. एका जिन्यात मात्र पाठ भिंतीला लावून २४ वर फोटो काढला, खाली उतरणाऱ्या तिन्ही बायका पूर्ण, कोणाचाही खांदा न कापता.

परत आल्यावर सवयीने गाळणी लावली. २४ वर मनोरा आणि १०५ वर नवा मनोरा. मी ताईला बोलावून दाखवला.

“म्हणजे आता अजून लांबची हवी म्हण,” ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर वजनकाटा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर गेलेला. माझा हात तिथे पोचत नाही, आणि स्टूल तिच्या खोलीत आहे.